वाचकांचे प्रश्न : लांब वस्तू पाठीवर कशी बसवावी?

प्रश्न : मी गेली काही वर्षे डोंगरभटकंतीच्या सॅक शिवतो. परवानाधारक शिकारी असलेल्या एका मित्राने रायफल वाहून नेण्यासाठी वेगळी सॅक मागितली आहे. त्याची रायफल ११० सेंटीमीटर लांब असून दुर्बिणीसह तिचे वजन सुमारे ४ किलो भरते. नेहमीच्या सॅकच्या उजव्या बाजूला मी एक लांब खोळ शिवून पाहिली. परंतु चालताना ती झुलते, खाली बसताना तिचे टोक जमिनीला टेकते आणि दोन तासांत त्याचा एक खांदा दुखू लागतो. खोळीची जागा बदलावी की सगळी रचनाच नव्याने करावी?

उत्तर : रचनाच नव्याने करावी लागेल. आपण रायफलीचे माप घेऊन खोळ शिवलीत. त्याआधी मित्राचे माप घ्यायला हवे होते, आणि तेही त्याला बसवून. उंची १७० सेंटीमीटर असलेल्या माणसाचे बैठकीपासून डोक्यापर्यंतचे अंतर साधारण ८८ सेंटीमीटर असते. रायफलीचे खालचे टोक बैठकीच्या पातळीवर ठेवले, तर वरचे टोक डोक्याच्या २२ सेंटीमीटर वर जाते आणि वाटेतल्या प्रत्येक फांदीत अडकते. डोक्याच्या वर काहीच नको म्हणून ती तेवढीच खाली सरकवली, तर उभ्या माणसाच्या मांडीमागे जमिनीपासून जेमतेम ६० सेंटीमीटरवर दस्ता (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) येतो. सपाट वाटेवर याचा त्रास जाणवत नाही. पण तीव्र उतारावर मोठी पायरी उतरताना मागचा खडक दस्त्याला खालून ढकलतो आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणजे हे २२ सेंटीमीटर कुठेतरी सोसावेच लागणार. प्रश्न फक्त वर किती आणि खाली किती, एवढाच आहे.

माझा अनुभव असा की, खाली १० ते १२ सेंटीमीटर आणि उरलेले वर, ही वाटणी बहुतेकांना मानवते. मात्र ती कायमची शिवून टाकू नये. दस्त्याची टाच जिथे बसते तो खालचा कप पट्टीवर वर-खाली सरकेल असा करावा आणि त्याला दोन जागा द्याव्यात : दाट झाडीसाठी खालची आणि उतारासाठी वरची. वरच्या टोकाची आणखी एक अडचण शिवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ते नेमके डोक्यामागे आले, तर चढावर वर पाहताना टोपी किंवा मानच त्यावर आपटते. रायफल अगदी उभी न ठेवता ५ अंश तिरकी बसवली, तर ११० सेंटीमीटर लांबीवर वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे साडेनऊ सेंटीमीटर बाजूला सरते आणि मान मोकळी होते. याहून जास्त तिरकेपणा मात्र नको, कारण मग टोक खांद्याच्या बाहेर डोकावू लागते.

आता खांद्याच्या दुखण्याविषयी. पाठीच्या मध्यरेषेपासून १८ सेंटीमीटरवर ४ किलो टांगले की सुमारे ७ न्यूटन-मीटरचा पीळ शरीराला सतत एका बाजूला खेचतो, आणि तो सावरण्यासाठी कमरेचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली ठेवून तोल साधण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. दोन लिटर पाण्याने जेमतेम निम्मा तोल साधतो, तेही पाणी संपेपर्यंत. आणि रायफल हातात घेतली की आतापर्यंत मदत करणारी तीच बाटली उलट्या बाजूला ओढू लागते.

म्हणून रायफल मध्यरेषेजवळ घ्यावी. तिथे दोन जागा शक्य आहेत : सॅकचा पाठीला टेकणारा कडक सांगाडा आणि मुख्य पिशवी यांच्या मधले म्यान, किंवा पिशवीच्या पाठीमागे अगदी बाहेर. आतले म्यान नेहमीच चांगले, असे समजले जाते. गणित तसे सांगत नाही. रायफल पाठीला समांतर आडव्या कुशीवर ठेवली, तर अस्तरासह म्यानाची जाडी सुमारे ७ सेंटीमीटर होते, म्हणजे सगळी पिशवी ७ सेंटीमीटर मागे ढकलली जाते. उलट २० सेंटीमीटर खोल पिशवीच्या बाहेर रायफल लावली, तर ती आतल्या जागेपेक्षा २० सेंटीमीटर दूर जाते. चार किलोला २० ने गुणले की ८० येतात. पिशवीचे वजन ७ ने गुणून ८० यायचे असतील, तर ते साडेअकरा किलोच्या आसपास असावे लागते. पिशवी त्याहून हलकी असेल तर रायफल आत घेणे फायद्याचे, आणि जड असेल तर जड पिशवीलाच पाठीशी राहू देऊन रायफल बाहेर लावणे फायद्याचे. आपला मित्र एका दिवसाच्या फेरीसाठी जाणार असेल, तर त्याची पिशवी साडेअकरा किलोपर्यंत क्वचितच जाईल. त्याच्यासाठी आतले म्यान करावे.

दस्ता खाली, नळी वर आणि बोल्टची (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याची) मूठ पाठीच्या विरुद्ध बाजूला, अशी मांडणी ठेवावी. मूठ आतल्या बाजूला आली तर ती पाठीच्या कण्याजवळ रुतते. खालचा कप पिशवीच्या कापडाला न शिवता सांगाड्याच्या खालच्या टोकाला पट्टीने टांगावा. रायफलीचे वजन कपातून सांगाड्यात, सांगाड्यातून कंबरपट्ट्यात आणि तिथून नितंबाच्या हाडांवर उतरले पाहिजे. वजन कापडाला टांगलेले राहिले की ते खांद्यांवरच येते आणि कापडही ताणून बसते. सांगाडा म्हणजे फार काही लागत नाही : दीड मिलिमीटरची कडक प्लॅस्टिकची पाटी आणि तिच्यावर पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पुरतात. ही कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या ओले बर्गन याने १९०८ च्या सुमारास पिशवी पाठीच्या आकाराशी जुळावी म्हणून तिला वाकवलेल्या लाकडाचा आधार दिला होता, आणि त्यामागचे तत्त्व आजच्या सांगाड्यातही तेच आहे.

झुलण्यावर उपाय सोपा आहे. आपल्या खोळीचे दोन पट्टे जवळजवळ असावेत, असा माझा अंदाज आहे. त्यांच्यातले अंतर २० सेंटीमीटर असेल, तर वरच्या टोकाचा प्रत्येक हिसका त्या दोन पट्ट्यांवर अनेक पटींनी येतो; तेच अंतर ५० सेंटीमीटर केले की हिसका बराच कमी होतो. खाली कप, मध्ये घट्ट आवळणारा एक पट्टा आणि खांद्यांच्या वर एक झटपट सुटणारा पट्टा, एवढे पुरे आहे. कुठलाही पट्टा दुर्बिणीवरून नेऊ नये. दुर्बीण रायफलीवर बसवलेली असते, ती ओझे अडवण्यासाठी नसते, आणि तिच्यावर सतत दाब आला तर नेम सरकण्याची भीती असते.

पाठीवरच्या रायफलीचे सर्वांत कसोशीचे उदाहरण बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी यांच्या एकत्रित खेळात, पाहायला मिळते. तिथे खेळाडू किमान साडेतीन किलोची रायफल दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांनी पाठीवर घेऊन, नळी वर ठेवून, स्कीवर वेगाने धावतात, आणि नळीच्या तोंडाला बर्फापासून वाचवणारे झाकण असते. म्यान असलेल्या शिकारी सॅकसाठी ओळखला जाणारा अमेरिकेचा ग्लेन एबर्ले १९८४ च्या साराएव्हो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बायथलॉनच खेळला होता, हा मला योगायोग वाटत नाही.

सुरक्षिततेबाबत मी तडजोड सुचवणार नाही. रायफल म्यानात जाताना पूर्ण रिकामी असली पाहिजे. शक्य असेल तर बोल्ट काढून वेगळ्या कप्प्यात ठेवावा आणि काडतुसांचा कप्पा त्याहून वेगळा असावा. नळी वर असलेला माणूस वाकला, की नळीचे तोंड थेट पुढच्या सोबत्याकडे वळते. त्यामुळे रायफल रिकामी आहे, एवढा एकच खरा भरवसा उरतो. म्यानाच्या आत चापाच्या जागी कोणतीही पट्टी, नाडी किंवा चेनची शेपटी लोंबकळू देऊ नये. नळी खाली ठेवण्याचा आग्रह काही जण धरतात, पण तोंडात चिखल किंवा बर्फ शिरून नळी अडली आणि तशीच गोळी झाडली गेली, तर नळी फुटू शकते. नळी वर ठेवली तरी पाऊस आत जाऊ नये म्हणून तोंडावर टोपण हवेच. सॅक न उतरवता रायफल काढता यावी, अशीही मागणी कदाचित येईल. ती मान्य करू नये, असे माझे मत आहे. पाठीमागे हात घालून, नळी न दिसता चार किलोची वस्तू ओढून काढण्यापेक्षा सॅक उतरवायला लागणारे दहा सेकंद स्वस्त आहेत. सार्वजनिक वाटेवर शस्त्र कसे झाकून न्यावे याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. ते पाहूनच वरचे टोक झाकणारी टोपी काढती करायची की कायमची, हे ठरवावे.

पहिली चाचणी खऱ्या रायफलीवर घेऊ नये. तेवढ्याच लांबीचा दांडा घेऊन त्याला ४ किलो भरेल असे लोखंड बांधावे आणि मित्राला ती सॅक घालून खुर्चीवर बसायला, उकिडवे बसायला, जिना उलट्या पावली उतरायला आणि दारातून वाकून जायला सांगावे. जिथे दांडा आपटेल तिथे खडूने खूण करावी. मग कात्री हातात घ्यावी.

प्रश्न : अशा सॅकसाठी कापड, दोरा आणि आतला फोम कोणता घ्यावा? जाड कापड घेतले की काम झाले, असे समजावे का?

उत्तर : सगळीकडे जाड कापड लावले तर सॅक उगाच जड होते. मुख्य पिशवीला ५०० डेनिअरचे नायलॉन पुरते. कप आणि म्यानाचा तळ तेवढा १००० डेनिअरचा, तोही दुहेरी करावा, कारण घासले जाते ते तिथेच. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून धाग्याचा जाडेपणा कळतो, विणीचा घट्टपणा कळत नाही. नायलॉन पाणी शोषून किंचित सैल पडते, म्हणून पावसात पट्टे पुन्हा आवळावे लागतात. पॉलिएस्टरला ही खोड कमी आहे आणि उन्हातही ते जास्त टिकते, पण घासण्याच्या बाबतीत नायलॉन सरस ठरते. दोरा सुती नसावा. पट्टी जिथे कापडाला मिळते तिथे नुसती सरळ शिवण न मारता चौकोनात फुलीची शिवण किंवा दाट आडवे टाके घालावेत आणि मागे कापडाचा जोड द्यावा. सॅक बहुतेक वेळा कापडाच्या मधोमध न फाटता जोडाच्या टाक्यांशी फाटते.

फोम बंद पेशींचा घ्यावा. उघड्या पेशींचा स्पंजसारखा फोम पाणी धरून ठेवतो, आणि ओल्या म्यानात रात्रभर राहिलेल्या पोलादावर सकाळी गंज दिसू लागतो. याच कारणाने म्यान हे वाहून नेण्यासाठी आहे, साठवून ठेवण्यासाठी नाही, हे मित्राला स्पष्ट सांगावे. तळाला पाणी निथळण्यासाठी एक धातूच्या कडीचे भोक ठेवावे. शिकारीच्या सॅकला वेल्क्रो लावू नये. शांत रानात त्याची फर्रकन येणारी फाड दूरवर ऐकू जाते.

प्रश्न : माझ्याकडे रायफल नाही, पण कॅमेऱ्याची तिपाई आणि गळाची काठी मी बरोबर नेतो. हीच रचना चालेल का?

उत्तर : तिपाईला चालेल, फक्त जड डोके खाली ठेवावे आणि कप त्याच्या मापाचा करावा. गळाची काठी हलकी पण नाजूक असते. तिला वजनाची नव्हे, तर टोक मोडण्याची चिंता असते. ती जोडांवर सोडवून कडक नळीत घालावी आणि नळी बाजूच्या पट्ट्यांत अडकवावी. काही शे ग्रॅमच्या वस्तूसाठी मध्यरेषा अडवण्यात अर्थ नाही.