एकाने विचारलंय: पुण्यात 2 तासांत हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) होते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला वाटेतल्या दर टेबलावर पाणी घ्यायचं का? बूट कोणते?

नाही. तहान लागली की प्या. 'तहान लागायच्या आधीच पीत राहा' हे अजूनही धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये छातीठोकपणे सांगतात, ते वाचून राहवत नाही म्हणून लिहितोय.

पेडर रोडच्या चढाआधी हाफवाल्या एकाला फुटपाथवर बसवलं होतं. कमरेच्या पट्ट्यातल्या दोन्ही बाटल्या रिकाम्या, पोटात पाणी डचमळतंय, मळमळ, डोकं जड. भोवतीचे सगळे म्हणत होते, 'पाणी कमी पडलं, अजून द्या.' पण बोटं सुजून अंगठी रुतली होती आणि घड्याळाच्या पट्ट्याचा वळ मनगटावर उठला होता. ज्याच्या अंगातलं पाणी संपलंय त्याचे हात असे फुगत नाहीत. अशा वेळी जादा पाण्याने रक्तातलं सोडियम उतरल्याचा संशय घ्यायचा, पाणी थांबवायचं आणि डॉक्टरांच्या तंबूत न्यायचं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं. धावता धावता वजन वाढलेल्यांना धोका सर्वांत जास्त. मिठाची गोळी खाल्ली म्हणून जास्तीचं पाणी चालतं, हाही गैरसमजच.

मुंबईत खरी अडचण अंगातली उष्णता बाहेर पडण्याची. घाम सुकला तरच अंग निवतं. दमट हवेत तो हनुवटीवरून टपकतो, आणि टपकलेला घाम वाया गेला. पहाटे गारवा असतो म्हणून फसू नका, हवा त्याच वेळी सर्वांत दमट असते. सी लिंकवर वारा लागतो, पाय हलके वाटतात आणि पुण्याचा 5:40 चा पेस (किलोमीटरला 5 मिनिटं 40 सेकंद) धरला जातो. तिथेच शर्यत हातची जाते. पहिले 7 किलोमीटर किलोमीटरला 6 मिनिटांपेक्षा जोरात धावू नका. वेळ गाठायचीच असेल तर पेडर रोड उतरल्यावर मरीन ड्राइव्हला जोर लावा.

किती प्यायचं याचा अंदाज घरच्या काट्यावर येतो. कपडे काढून वजन करा, तासभर रेस पेसने धावा, अंग पुसून पुन्हा करा. 1 किलो घटलं तर 1 लिटर घाम; मध्ये प्यायलेलं त्यात मिळवा. ही चाचणी पावसाळ्यातल्या पुण्यात करा, जानेवारीतली कोरडी थंडी उपयोगाची नाही. 65 किलोच्या माणसाचं सव्वा किलोपर्यंत घटलं तरी चालतं. शेवटी वजन वाढलेलं मात्र कधीच नको.

डोक्यावर पाणी ओतायचं तर थंडगार हवं, आणि पुढे वाकून ओता. नाहीतर ते बुटात उतरतं आणि फोड येतात. बर्फ मिळाला तर टोपीत ठेवा. आधीचे 10 ते 14 दिवस दुपारच्या उन्हात सावकाश धावलात तर अंग बरंच सरावतं.

बूट रोजचेच घाला.

एक राहिलं. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर वरचे आकडे डॉक्टरांना विचारूनच वापरा. आणि शेजारचा धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा: लगेच मदत बोलवा, आणि गाडीची वाट न बघता तिथेच बर्फाने, थंड पाण्याने अंग गार करायला घ्या.