आंबा संपला की एसईओ सुरू करा

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. गेल्या वर्षी वेबसाइट केली, पण ऑर्डरी अजून ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरच येतात. एक एजन्सी 'तीन महिन्यांत गूगलवर पहिल्या नंबरला आणतो' म्हणते. एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर यावी यासाठीच्या कामाचं, नियोजन कसं करावं?

एजन्सीचं आधी मिटवू. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असंही तिथेच म्हटलंय. आता हे तुमच्या धंद्याला लावून बघा. तुमचं गिऱ्हाईक मुख्यतः मार्च ते मे एवढंच शोधतं. पहिली पेटी वाशीच्या घाऊक बाजारात पोचल्याची बातमी आल्यावर तुम्ही कामाला लागलात, तर पानं वर येईपर्यंत झाडावर आंबा उरलेला नसेल. म्हणून जून ते ऑक्टोबर हीच तुमची खरी वेळ. तेव्हा बागेत खतांची गडबड असते, मान्य. पण आठवड्याला एक संध्याकाळ निघाली तरी पुरे.

मी लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळतो. कुठले शब्द धरायचे, यासाठी महागडी टूल्स घ्यायच्या आधी मी त्यांना व्हॉट्सॲप उघडायला सांगतो. एप्रिल-मेचे मेसेज वाचा. पाच डझनची पेटी कितीला? पुण्यात कधी मिळेल? कच्चा पाठवता की पिकलेला? कार्बाइड तर नाही ना? देवगडचाच कशावरून? साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर बदलून देणार का? लोक गूगलला विचारतात तेही साधारण हेच. यातल्या प्रत्येक प्रश्नाला वेबसाइटवर नीट उत्तर असलं पाहिजे, आणि काहींना तर स्वतंत्र पान.

'देवगडचाच कशावरून' हे पान सगळ्यात मन लावून लिहा. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावानं विकला जातो, त्यामुळे गिऱ्हाईक धास्तावलेलं असतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. तुमची जीआयची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर नोंदणी क्रमांक तिथे द्या. कलमं किती, गाव कुठलं, आंबा आढीत घालता की रायपनिंग चेंबरमध्ये, हे सरळ सांगा. कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. हा फरक फार थोडे विक्रेते समजावून सांगतात. बागेचे स्वतः काढलेले फोटो टाका. नेटवरून उचललेला कापलेल्या आंब्याचा फोटो शंभर ठिकाणी असतो, त्यानं कोणाचाच विश्वास बसत नाही.

नुसत्या 'हापूस आंबा' या शब्दामागे धावू नका. तिथे मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा आणि वर्तमानपत्रं बसलेली आहेत. 'देवगड हापूस पेटी पुणे घरपोच' असं शोधणारे थोडे असतात, पण त्यांना खरंच पेटी हवी असते. बरेच मराठी लोकही हे इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि बंगळूर-दिल्लीकडचं गिऱ्हाईक 'अल्फान्सो' म्हणतं. म्हणून मराठी पानं वेगळी, इंग्रजी वेगळी, दोन्ही हातानं लिहिलेली. मात्र पुणे, नाशिक, नागपूर अशी गावाचं नाव बदलून तोच मजकूर असलेली पानं काढू नका, गूगल त्यांना स्पॅम धरतं. तुमचा टेम्पो पुण्यात कुठल्या वारी येतो, पेटी कुठून उचलायची, असं सांगण्यासारखं काही असेल तरच पुण्याचं पान करा.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्या बागायतदारांच्या साइटवर दिसते : दरपत्रक चित्रात. सणाच्या शुभेच्छांसारखं रंगीत, देवाच्या फोटोसकट. व्हॉट्सॲपला ते ठीक आहे, पण वेबसाइटवर दर अक्षरांत लिहा. चित्रातल्या आकड्यांवर गूगलनं भरवसा ठेवावा ही अपेक्षा धरू नका. फोटोही मोबाइलमधून निघाला तसा चार-पाच एमबीचा चढवू नका.

हंगाम संपल्यावर पान काढून टाकायचं नाही. 'यंदाचा आंबा संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा' एवढं वर लिहा आणि पान तसंच राहू द्या. पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका, नाहीतर दर वर्षी नवं पान आणि कमावलेली पत पुन्हा शून्यापासून. जुनी वर्षवार पानं असतील तर ती कायमच्या पानाकडे ३०१ रीडायरेक्टनं (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं नेणाऱ्या सोयीनं) वळवा.

गूगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, पण ज्यांचा गिऱ्हाइकाशी समक्ष संबंध येतो त्यांच्यासाठीच. लोक बागेत येऊन पेटी नेत असतील किंवा तुम्ही स्वतः घरी पोचवत असाल तर जरूर करा. फक्त कुरिअरनं पाठवत असाल तर ते नियमात बसत नाही. पुण्यातल्या मावशीच्या फ्लॅटचा पत्ता टाकून दुसरं प्रोफाइल उघडण्याचा मोह टाळा, असली प्रोफाइलं बंद पडतात. रिव्ह्यू मागायला हरकत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं नियमाविरुद्ध आहे.

मोजमापासाठी गूगलचं सर्च कन्सोल हे टूल आजच जोडा. फुकट आहे, आणि कुठल्या शब्दांवर साइट दिसली, किती जणांनी क्लिक केलं हे १६ महिन्यांपर्यंत मागचं दाखवतं. तुमच्यासारख्या हंगामी धंद्याला हे फार उपयोगी, कारण एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी करता येते. एप्रिल-जुलैची तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही.

इतकं करूनही मदत लागलीच, तर पानं वेगवान करणं, रीडायरेक्ट, इंग्रजी मजकूर अशा ठरावीक कामांचे पैसे द्या. 'पाचशे बॅकलिंक' (दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारे दुवे) विकणाऱ्याला नमस्कार करा. महिन्याच्या रिपोर्टात मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) भरल्याचं काम दाखवत असतील तर विचारा कशासाठी, कारण गूगल तो टॅग क्रमवारीसाठी बघत नाही हे २००९ मध्येच जाहीर झालंय. आणि डोमेन (साइटचं नाव), सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल या तिन्हींची मालकी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एजन्सीला फक्त वापरायची परवानगी द्या, म्हणजे उद्या त्यांच्याशी पटलं नाही तरी साइट तुमच्याच हातात राहील.