‘अपग्रेड’ला मराठीत काय म्हणावे?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका तरुण वाचकाने प्रश्न विचारला आहे. तो जुन्या धाटणीचा, विमानातून गोळीबार करण्याचा एक छोटा व्हिडिओ गेम तयार करीत असून त्यात खेळाडूचे विमान हळूहळू बलवान होत जाते. पडद्यावरचा सर्व मजकूर मराठीत असावा असा त्याचा आग्रह आहे, परंतु ‘अपग्रेड’ आणि ‘लेव्हल’ या दोन शब्दांपाशी तो अडला. ‘श्रेणीवर्धन’ आणि ‘उन्नयन’ हे शब्द त्याने मित्रांना वाचून दाखवले, तेव्हा ते हसले.

मित्रांचे हसणे रास्त आहे. श्रेणीवर्धन ग्रामीण रुग्णालयाचे होते, दर्जोन्नती जिल्हा मार्गाची होते, आणि दोन्हींसाठी शासन निर्णय निघावा लागतो. ‘अद्ययावत’ हा शब्दही येथे चालणार नाही, कारण ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत. त्यात आजच्या काळापर्यंत आणून ठेवण्याचा अर्थ आहे, बळ वाढण्याचा नाही.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. या खेळांत ‘अपग्रेड’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या क्रिया घडतात आणि मराठीत त्या तिन्हींसाठी तीन वेगळी क्रियापदे आधीपासून आहेत. आपण नाम शोधत बसतो, म्हणून ती दिसत नाहीत.

पहिली क्रिया म्हणजे वाटेत पडलेली वस्तू उचलणे. कोनामी कंपनीच्या 1985 सालच्या ‘ग्रेडियस’मध्ये लाल कॅप्सूल गोळा केल्या की पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवरील खूण एकेक घर पुढे सरकते; आधी वेग, मग क्षेपणास्त्र, पुढे लेझर, असा क्रम असतो आणि कोणत्या घरावर थांबून बटण दाबायचे हे खेळाडूने ठरवायचे असते. मात्र विमान एकदा पडले की हे सर्व जाते आणि पुन्हा बोडक्या विमानानिशी उभे राहावे लागते. आमच्या लहानपणी सोलापुरातल्या गेम पार्लरमध्ये यासाठी ठरलेली भाषा होती. ‘कॉन्ट्रा’ या धावत गोळीबार करण्याच्या खेळात नव्या बंदुकीचे, उडत येणारे ‘एस’ हे अक्षर दिसले की मागे उभी असलेली चार पोरे एकदम ओरडत, ‘पॉवर घे, पॉवर घे!’, आणि खेळणारा मेला की तीच पोरे हळहळत, ‘गन गेली रे.’ त्यांतल्या निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलली जाई, काहींच्या घरी कन्नड. पण ‘घे’ आणि ‘गेली’ ही क्रियापदे सर्वांची एकच होती. जे वाटेत घेतले जाते आणि मेल्यावर निघून जाते, त्याला ‘पॉवर’ म्हणावे. हा शब्द विजेच्या मागांच्या, म्हणजे पॉवरलूमच्या, या गावात कोणालाही परका नाही आणि तो बदलण्याचे मला कारण दिसत नाही.

दुसरी क्रिया म्हणजे पैसे देऊन विकत घेणे. सेगाच्या 1986 सालच्या ‘फँटसी झोन’मध्ये शत्रू पडले की नाणी मिळतात आणि त्या नाण्यांवर ओपा-ओपा या पंखवाल्या यानासाठी दुकानातून इंजिने व हत्यारे घेता येतात, एकच वस्तू पुन्हा घेतली तर ती महाग झालेली असते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. 1995 सालच्या ‘टायरियन’ने हा व्यवहार बराच वाढवला. दोन मोहिमांच्या मध्ये पुढची तोफ, मागची तोफ, कवच आणि जनित्र बदलता येते, आणि तोफा व कवच यांना वीज एकाच जनित्राकडून मिळत असल्यामुळे जनित्र दुबळे ठेवून भारी तोफ घेतली तर कवच पुन्हा भरायला उशीर लागतो. अशा वेळी कोणताही गॅरेजवाला काय म्हणेल? ‘नवीन सामान बसवले.’ यंत्रमागावर जेकार्ड असाच बसवतात: खालचा माग तोच, पण वर जेकार्डचा सांगाडा आणि त्यावरून लोंबणारी भोकाभोकांच्या कार्डांची माळ आली की त्याच मागावर चादरीची फुले उमटू लागतात. यंत्र तेच राहते आणि त्याची करामत वाढते, ही खेळातल्या विमानाचीही गोष्ट आहे. म्हणून तोफ, इंजिन आणि जनित्र ‘बसवावे’. कवच मात्र ‘चढवावे’, कारण चिलखत आपण चढवतो, बसवत नाही. हीच तोफ ठेवून तिचा मारा तीव्र करायचा असेल तर ‘वाढवणे’ पुरेसे आहे.

तिसरी क्रिया भूमिका-खेळांकडून, म्हणजे रोल-प्लेइंग गेमकडून आलेली आहे: अनुभवाने बळ येणे. ट्रेझर या कंपनीच्या 1998 सालच्या ‘रेडियंट सिल्व्हरगन’मध्ये सर्व हत्यारे सुरुवातीपासूनच हाती असतात आणि ज्या हत्याराने शत्रू पाडाल ते हत्यार बलवान होत जाते. यासाठी मी ‘मुरणे’ सुचवीन. लोणचे मुरते, गवई मुरतो, तसे हत्यार मुरते. यात वेळ आणि वापर हे दोन्ही आले. (‘मुरब्बी’ हा शब्द मात्र येथे पुरावा म्हणून आणू नये. तो अरबीतून फारसीमार्गे आला, त्याचा मूळ अर्थ सांभाळणारा, पालनकर्ता असा आहे, आणि ‘मुरणे’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे.) ‘बढती’ हा शब्दही विचारात घेतला होता, पण बढतीमागून बदली येते, शिवाय ती वरिष्ठ देतात, येथे कोणी देत नाही.

आता ‘लेव्हल’. हा घोळ इंग्रजीतलाच आहे. 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात भुयाराचा मजला, पात्राची चढती इयत्ता आणि मंत्राची ताकद या तिन्हींना लेव्हल हेच नाव होते, आणि पुढे व्हिडिओ गेमांनी तो गोंधळ जसाच्या तसा उचलला. मराठीत तो आणण्याची गरज नाही. खेळाच्या भागाला ‘टप्पा’ म्हणावे. पात्राच्या किंवा हत्याराच्या लेव्हलला बहुतेक जण ‘पातळी’ म्हणतात. मला ते रुचत नाही, कारण पातळी पाण्याची असते, आणि माणसाच्या बाबतीत ती सहसा सोडली किंवा घसरली तरच तिचा उल्लेख होतो. वर ज्या सहजतेने ‘इयत्ता’ लिहिले, तोच शब्द मी सुचवतो. ‘इयत्’ म्हणजे इतके आणि ‘इयत्ता’ म्हणजे इतकेपणा, मोजमाप. शाळेत तो नंतर बसला. ‘तोफ: इयत्ता 4’ हे वाचून प्रथम हसू येईल हे मान्य आहे, पण खेळणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ विचारावा लागणार नाही.

राहिला दुकानाच्या पडद्यावरील बटणाचा प्रश्न. तेथे जागा थोडी असते, असे वाचकाने लिहिले आहे. शीर्षक ‘सामान’ ठेवावे आणि बटणावर तोफेपुढे ‘बसवा’, कवचापुढे ‘चढवा’ असे लिहावे. एकाच बटणाला वस्तूप्रमाणे दोन शब्द द्यावे लागतील. संगणकाच्या आज्ञावलीत त्यासाठी एक अट वाढेल, तेवढी वाढू द्यावी.