‘मिंट एरर’ म्हणून घेतलेलं नाणं झिजलेलं निघालं. पैसे परत मिळतील का?

प्रश्न: बिलावर ‘मिंट एरर (म्हणजे टांकसाळीतच राहिलेला दोष), ग्रीज भरलेला ठसा’ असं लिहून दिलेलं नाणं घेतलं. दोन महिन्यांनी जाणकाराने ही निव्वळ झीज असल्याचं सांगितलं. मध्यंतरी मी ते पॉलिश केलं होतं. आता आठ महिन्यांनी विक्रेत्याला विचारलं, तर तो परत घेत नाही.

उत्तर: अशी पत्रं सतत येतात आणि चूक बहुधा तीच असते: शंका आली त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवलेलं नसतं. वर्णनाबरहुकूम नसलेला माल नाकारता येतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचं घोडं अडतं ते मालविक्री अधिनियम, १९३०च्या कलम ४२वर. वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, किंवा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं मालाचं काही केलं, तर तो तुम्ही स्वीकारलात असं कायदा धरतो. तुम्ही कळल्यावरही सहा महिने गप्प राहिलात, वर पॉलिशही केलंत. त्यामुळे कलम १३नुसार नाणं परत देऊन पूर्ण रक्कम मागणं अवघड आहे. वर्णनाप्रमाणे झाली असती ती किंमत आणि नाणं ताब्यात आलं तेव्हाची त्याची खरी किंमत, यांतला फरक नुकसानभरपाई म्हणून मागा.

पॉलिशने पुरावाही घालवला. ठशाच्या खोबणीत ग्रीज साचलं की धातू तिथे चढत नाही. अक्षर पुसट उमटतं किंवा गायब होतं, पण त्या जागी टांकसाळीची मूळ चकाकी टिकते आणि शेजारचे उंच भाग ठसठशीत राहतात. झिजेत आधी उंचवटेच जातात, अक्षरांच्या कडा बोथट होतात. दहापट भिंगाखाली हे दिसलं असतं. आता ती चकाकी कुठेच उरलेली नाही.

वजन मात्र तपासता येईल. ग्रीजमुळे ते घटत नाही, बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्याचं घटतं. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि त्या नाण्याच्या अधिकृत वजनाशी ताडून पाहा. पॉलिशनेही किंचित धातू जातो, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. विक्रेत्याने विक्रीपूर्वी पाठवलेले फोटो हा तुमचा सर्वांत भक्कम आधार. मूळ फाइली न कापता जपा; इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत लागेल.

ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत अजून आहे. आयोग रक्कम परत करायलाही सांगू शकतो, पण पॉलिश केलेल्या नाण्याबाबत ते गृहीत धरू नका. नाणं पुन्हा विकण्यासाठी घेतलं असेल, तर तो मार्ग बहुधा बंद. तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढाव्यात असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि याची चीड आम्हा वकिलांनाही येते.

म्हणून आजच स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. बिलावरचे शब्द तिच्यात जसेच्या तसे उतरवा, पॉलिश केल्याचं लपवू नका. विक्रेता ‘पाठवा, तपासतो’ म्हणाला तरी नाणं त्याच्या हाती देऊ नका.