‘हीट’ला मराठीत काय म्हणावं: फेरी, फेरा की ताव?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेतल्या हार्नेस रेसिंगवरचा (हलक्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतींवरचा) एक लेख मराठीत आणते आहे. घोड्यांना एकाच दिवशी अनेक हीट्स पळवायची पद्धत ठेवावी की बंद करावी, हा त्याचा विषय. मी सगळीकडे हीटला प्राथमिक फेरी लिहिलं. मग एका ठिकाणी “दोन प्राथमिक फेऱ्या जिंकून घोडा विजेता ठरला” असं वाक्य झालं आणि माझं मलाच हसू आलं. काय करू?’

हसू आलं ते बरंच झालं, नाहीतर ते वाक्य तसंच छापलं गेलं असतं. ‘प्राथमिक फेरी’ हा शब्द आपण ॲथलेटिक्समधून घेतला. शंभर मीटरला साठ धावपटू आहेत, आठच पट्टे आहेत, म्हणून आधी गाळणी लावायची. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. तिथे हा शब्द चपखल बसतो. घोड्यांची जुनी हीट मात्र गाळणी नव्हे. ती त्या सामन्याचीच एक पूर्ण धाव. तेच घोडे थोडी विश्रांती घेऊन पुन्हा पळतात, आणि ठरलेल्या संख्येइतक्या हीट्स जो आधी जिंकेल तो विजेता. टेनिसच्या सेटसारखं. टेनिसच्या पहिल्या सेटला आपण प्राथमिक फेरी म्हणत नाही.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाच्या नावाच्या बक्षिसांसाठी घोडे चार-चार मैलांच्या हीट्स पळत, आणि दोन हीट्सच्या मध्ये खरारा करायला साधारण अर्धा तास मिळे. मागे पडणाऱ्यासाठीही नियम होता. जिंकणारा घोडा शेवटच्या खांबाशी पोचला तेव्हा जो २४० यार्डांवरच्या दुसऱ्या खांबाच्याही मागे असेल, तो बाद. ३ मे १७६९ला एप्सम इथे इक्लिप्स नावाचा घोडा पहिल्यांदा शर्यतीत उतरला. पहिली हीट त्याने सहज मारली. तेव्हा डेनिस ओ’केली या जुगाऱ्याने दुसऱ्या हीटमधली सगळ्या घोड्यांची स्थानं आधीच सांगायची पैज घेतली आणि म्हणाला, ‘इक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत.’ आज आपल्याला ती नुसती फुशारकी वाटते, पण त्यात तांत्रिक अर्थ होता: बाकीचे सगळे त्या खांबामागे राहून बाद होतील. किस्सा हीटचाच आहे आणि हीट माहीत नसेल तर निम्मा कळतो.

पुढे १७७६ला सेंट लेजर आणि १७८०ला डर्बी अशा एकाच धावेच्या शर्यती आल्या आणि भरधाव पळणाऱ्या घोड्यांच्या दुनियेतून हीट्स हळूहळू गेल्या. मागे उरला तो ‘डेड हीट’. दोन घोडे नाकाला नाक लावून आले की ती हीट मेली, म्हणजे हिशेबात धरायची नाही, असा त्याचा मूळ अर्थ. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हा शब्द आजही ऐकू येतो. हीट गेली, तिचं प्रेत राहिलं.

आता ‘हीट’च का, उष्णतेचा इथे काय संबंध? घोड्याला शर्यतीपूर्वी अंग गरम व्हावं म्हणून पळवत, त्या धावेला हा शब्द लागला आणि मग खऱ्या धावेलाही, असं बहुधा झालं असावं. पण इंग्रजी लोहारही लोखंड एकदा तापवून थंड होईपर्यंत जेवढं ठोकता येईल त्याला एक हीट म्हणतो. इथे माझे कान टवकारतात, कारण आपल्या भात्यावर अगदी हाच शब्द आहे: ताव. संस्कृत तापावरून आलेला. लोखंडाला ताव देतात, माणूस तावातावाने बोलतो, सोनं तावून सुलाखून निघतं. तापण्यावरून जोराच्या आवेगाकडे हा शब्द मराठीतही गेलाच. तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने हीट म्हणजे ताव, पैकीच्या पैकी गुण. फक्त ‘घोड्याने दोन ताव मारले’ असं लिहिलंत तर वाचकाला पुरणपोळ्या दिसतील.

शब्द आपल्याकडे दुसऱ्याच आवारात तयार आहे. सातारा-सांगलीकडच्या बैलगाडीच्या मैदानात गटाचा फेरा, सेमीचा फेरा, फायनलचा फेरा असतो. गट पास झालेली जोडी त्याच दिवशी सेमीला येते, ती मारली तर फायनलला, म्हणजे तेच बैल एका दिवसात तीनदा पळतात. २०१४च्या बंदीपासून मे २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत या शर्यतींवर एवढा काथ्याकूट झाला, पण ‘शर्यत असावी का’ या गदारोळात ‘एका बैलाने दिवसात किती फेरे पळावेत’ हा प्रश्न त्या मानाने कमीच ऐकू आला. खेड-जुन्नरकडची ‘बारी’ मात्र हीटला चालणार नाही. घाटात एका वेळी एकच गाडा घड्याळाशी पळतो, शेजारी प्रतिस्पर्धी नसतो.

फेरी आणि फेरा यांत लिंगाशिवाय काही फरक आहे का, असं कुणी विचारेल. माझ्या कानाला आहे. फेरी ही व्यवस्थेची असते: मतमोजणीची, मुलाखतीची, प्रवेशाची. फेरा पायांना पडतो. ‘चार फेरे झाले’ म्हटलं की कुणीतरी दमलेलं असतं.

आणि तुमच्या लेखाचा वाद नेमका या दमण्यावर आहे, म्हणून शब्द जपून निवडायला हवा. हार्नेस रेसिंगमध्ये स्वार पाठीवर नसतो. मागच्या हलक्या दुचाकीवर, सल्कीवर, बसून तो घोडा हाकतो. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, दुडकी (तिरपे पाय एकत्र उचलायची) किंवा रवाल (एका बाजूचे पाय एकत्र उचलायची) हीच चाल टिकवायची. (ट्रॉटरला दुडक्या, पेसरला रवाल चालीचा असं खुशाल लिहा. टांगा शर्यत नको, तिने भलतंच चित्र उभं राहतं.) दुडकीत उधळण्याइतका दम जात नाही, हे घोडे सरावातही एकामागून एक मैल पळत आलेले, आणि अमेरिकेतल्या जत्रांना दिवसभर गर्दी धरून ठेवायची असे. म्हणून इथे हीट्स टिकल्या. १९२६ला सुरू झालेली हॅम्बलटोनियन ही शर्यत अनेक वर्षं आधी दोन फेरे जिंकणाऱ्याची होती. १९३५ला ग्रेहाउंड नावाच्या करड्या घोड्याने ती सलग दोन फेऱ्यांत संपवली. पण सगळेच ग्रेहाउंड नसतात. १९७६ला इलिनॉयमधल्या ड्यूकॉइनच्या उन्हाळ्यात निकाल चौथ्या फेऱ्यापर्यंत लांबला. स्टीव्ह लोबेल नावाचा घोडा जिंकला आणि नंतर कोसळला, मरता मरता वाचला. कारण उष्माघात. इंग्रजीत तिथेही हीटच.

पुढे हॅम्बलटोनियनमध्ये या पद्धतीची नुसती ये-जा झाली. १९९७पासून पात्रता धाव आठवडाभर आधी, २०१३ला पुन्हा सगळं एका दिवशी, आणि आता परत आठवडाभर आधी. ओहायोतल्या डेलावेअरची लिटल ब्राउन जग शर्यत मात्र एकाच दिवसाच्या हीट्सना चिकटून आहे. स्टॉकहोमजवळच्या सोलव्हाला रेसकोर्सवर एलितलोप्पेत ही शर्यत होते. तिथे आठ-आठ घोड्यांच्या दोन धावा, प्रत्येकीतून चार घोडे, आणि त्याच दिवशी अंतिम धाव. स्वीडिश लोक त्या पहिल्या धावांना ‘प्रयत्न’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. इटलीत नेपल्सच्या आन्यानो रेसकोर्सवर तीन ‘बॅटरी’ (हा तिथला हीटचा शब्द) आणि एक अंतिम.

मला विचाराल तर सोलव्हालासारख्या आधीच ठरलेल्या दोन धावा मला खुपत नाहीत. मालकाला आणि प्रशिक्षकाला ठाऊक असतं की आज दोनदा पळायचं आहे, त्या हिशेबाने घोडा तयार करता येतो. खुपतो तो जुना उघडा करार: कुणीतरी दोन जिंकेपर्यंत पळत राहा. त्यात घोडा जितका तोलामोलाच्या स्पर्धेत सापडेल तितका जास्त पळणार. शिवाय वेग बघा. १८७९ला हार्नेस रेसिंगच्या घोड्यांच्या, म्हणजे स्टँडर्डब्रेड, जातीची नोंद करताना ट्रॉटरसाठी मैलाला अडीच मिनिटांची कसोटी लावली होती. जुलै २०२२ला बुलडॉग हॅनोव्हर या पेसरने मैल १ मिनिट ४५ पूर्णांक चार पंचमांश सेकंदांत मारला. अडीच मिनिटांच्या जमान्यातले चार फेरे आणि आजचे चार फेरे हे एकाच शब्दात मावत असले तरी घोड्याच्या छातीत मावत नाहीत.

तेव्हा लेखात दोन शब्द वेगळे ठेवा. जिथे हरणारा गळतो आणि जिंकणारा पुढे जातो, तिथे ‘पात्रता फेरी’. जिथे तेच घोडे त्याच सामन्यासाठी पुन्हा पळतात, तिथे ‘फेरा’. पहिल्यांदा येईल तेव्हा ‘फेरा, म्हणजे हीट’ असं एकदाच सांगून टाका. तुमचं ते वाक्य मग ‘दोन फेरे जिंकून घोडा विजेता ठरला’ असं सरळ होतं. शीर्षकात मात्र हीट ठेवू नका, मे महिन्यात लेख छापून आला तर लोक उन्हाचा इशारा समजून वाचतील.