पहिला प्लॉट घेताना

भावा, दर विचारण्याआधी पाणी कुठवर येतं ते विचार. मी माझा पहिला प्लॉट मे महिन्यात बघितला, कोरडा ठणठणीत. २०१९ ला तिथं कंपाउंडच्या भिंतीचं टोकसुद्धा दिसेना. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. पूररेषेचा नकाशा बघ, निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, स्वस्तात मिळालं तरी हात लावू नकोस. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून दिसते, तीही बघून ये.

मग सातबारा. नाव जुळलं म्हणून खूश होऊ नकोस, 'इतर हक्क' हा रकाना वाच. विकास सोसायटीचा बोजा (गावच्या सहकारी संस्थेचं कर्ज), बहिणींची नावं, कूळ (जमीन कसणाऱ्याचा हक्क), सगळं तिथंच सापडतं. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढ आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, करून घे. चार पैसे जातील, जाऊ देत. एनए (बिगरशेती) नसलेला गुंठा नोटरीवर तर अजिबात नको.

आणि कर्ज काढून प्लॉट घेणार असशील तर थांब. प्लॉटला भाडं येत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. विकायला काढल्यावर गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षंही जातात. घरातल्या दवाखान्याचे, शाळेचे पैसे यात घालू नकोस.