वांशिक, आनुवंशिक आणि घरचे वासे

खानापूरहून प्रश्न आला आहे. बातमीत छापलं होतं, "वांशिक कारणांमुळे कृष्णवर्णीयांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त." वाचक विचारतात, "आमच्या आजोबांना बीपी, वडिलांना बीपी, आता मलाही. मग माझाही वांशिक का? की अनुवांशिक?"

आधी त्या 'अनुवांशिक'चा निकाल लावू. असा शब्द नाही. अनुवंश + इक, 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे अ-चा आ, इ-चा ऐ: वर्ष-वार्षिक, दिन-दैनिक, म्हणून आनुवंशिक. काना अ-ला द्यायचा, वं-ला नाही. कुणी विद्वान 'पारलौकिक' पुढे करतील, तिथे दोन्ही पदांत वृद्धी होते म्हणून. होते खरी, पण मग 'आनुवांशिक' म्हणा की! पहिला अ तसाच ठेवून मधल्या वं-ला काना चढवायला पाणिनीही परवानगी देत नाही. 'रुळलंय' हे उत्तर मला पुरत नाही, चुकासुद्धा रुळतात.

तुमच्या घरात तिसऱ्या पिढीला आलं ते आनुवंशिक. वांशिक म्हणजे मोठ्या जनसमूहाचं. इथल्या, बेळगावकडच्या कानडीत त्याला 'जनांग' म्हणतात.

आता गंमत. संस्कृतात वंश म्हणजे आधी बांबू. बांबूचं एक कांडं संपतं, पेर येतं, तिथून पुढचं कांडं सुरू होतं. बाप, लेक, नातू तसेच. कुळाला वंश का म्हणतात याचं हेच कारण मोनिअर-विल्यम्सने आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात दिलं आहे. पाठीच्या कण्यालाही वंश म्हणतात, तिथेही मणक्यामागे मणका. आणि छपराचा वासा तो हाच, वंश-वांस-वासा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस व्युत्पत्तीने पाहिलं तर यजमानाचे वंशच मोजत बसलेला असतो!

बांबू निघालाच आहे तर आपलं गाव कसं सोडू? इथे राज्य केलेल्या रट्ट घराण्याच्या शिलालेखांत बेळगाव आहे वेणुग्राम. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ची, चौथ्या कार्तवीर्य या रट्ट राजाच्या काळातली. वेणू म्हणजे वेळू. कानडीत शब्दारंभीच्या व-चा ब होतो: तमिळ 'वा' (ये) तो कानडी 'बा', संस्कृत वन ते बन. तसंच वेळु-चं बेळु झालं आणि पुढे गाव लागलं. २०१४च्या १ नोव्हेंबरला पाटीवर 'बेळगावी' आलं तरी आतला वेळू हललेला नाही. बेलाच्या झाडावरून नाव पडलं म्हणणाऱ्यांनी मधला ळ कुठून आला ते सांगावं, मग बोलू.

हां, रक्तदाब. बातमीत खरी चूक 'वांशिक' नव्हे, 'कारणांमुळे' ही आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मूळच्या पश्चिम आफ्रिकी लोकांचीच तीन ठिकाणी तुलना केली होती: उच्च रक्तदाब पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के लोकांना, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. मूळ एकच, आकडा दुप्पट. वजन, ताटातलं मीठ, राहणीमान बदललं. फरक वांशिक गटांत दिसतो, म्हणून कारण वंशात असतंच असं नाही. आणि असे आकडे छापताना उंबरठाही, म्हणजे कितीच्या वर 'उच्च' धरलं तेही, छापावं: १४०/९० धरला की एक टक्केवारी, १३०/८० धरला की दुसरी, बरीच मोठी. अमेरिकेतल्या २०१७-१८च्या पाहणीत कृष्णवर्णीय प्रौढांत सुमारे ५७ टक्के आणि गोऱ्यांत ४४ टक्के निघाले ते १३०/८० धरून. वरच्या ३३शी ते आकडे ताडून पाहायला जाऊ नका.

तेव्हा तुमचा तो आनुवंशिक, आणि तोही अर्धाच. लोणचं-पापडही त्याच घरातून येतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून चहाचा एक सपाट चमचाही नाही. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाच चढतो, आणि मग दोष बिचाऱ्या आजोबांवर जातो.